जुना ट्रॅक्टर आणि हरवलेली ठिणगी

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण १५ मे रोजी येतो. त्याच सुमारास खानापूरकडील आमच्या शेतकरी बंधूंची धूळवाफेत भात पेरण्याची लगबग सुरू होते, आणि वर्षभर गोठ्याशेजारी निमूट उभा असलेला जुना ट्रॅक्टर नेमका त्याच वेळी रुसून बसतो. यंदा अशाच एका घरून आम्हास बोलावणे आले. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही तेथे गेलो, तो अंगणात राखी रंगाचा फर्ग्युसन उभा, त्याच्या बॉनेटवर कोंबडी बसलेली, आणि घरातील थोरला नातू तोंड फिरवून उभा.

"काका, तुम्ही उगाच हात काळे करू नका. सोमवारी भंगारवाला येतोय," तो म्हणाला.

"अरे, त्यांना एकदा बघू तर दे. तुझ्या आजोबांची वस्तू आहे ती," आजी पडवीतून म्हणाल्या.

हकीकत अशी की, ट्रॅक्टर अडखळू लागला म्हणून बाहेरगावचा एक मिस्त्री आणला. त्याने प्लग बदलले, तारा बदलल्या, कॉइल बदलली, पॉईंट बदलले. पैसे गेले आणि जो ट्रॅक्टर अडखळत का होईना चालत होता, तो पुरता बंद पडला. मिस्त्री जाताना म्हणाला, "आता यात राम नाही."

हे ट्रॅक्टर इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक तयार झाले. याच जातीचे ट्रॅक्टर घेऊन सर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. ध्रुवावरील बर्फात जे चालले ते खानापूरच्या गोठ्यात चालू होणार नाही, हे काही आमच्या मनास पटेना.

आजच्या शेतकऱ्यास ठिणगीचा विचारच करावा लागत नाही, कारण त्याचा ट्रॅक्टर डिझेलचा. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेटते. पेट्रोल किंवा रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या इंजिनास मात्र दर वेळी ठिणगी द्यावी लागते. बॅटरीचा प्रवाह चावीतून कॉइलमध्ये जातो, तेथून डिस्ट्रिब्यूटरमधील दोन लहान टिकल्यांमधून, ज्यांस आपण पॉईंट म्हणतो, इंजिनाच्या लोखंडात उतरतो. पॉईंट मिटलेले असताना कॉइल भरते. ते उघडले की प्रवाह एकाएकी तुटतो आणि त्या तुटण्यातूनच कॉइलच्या आतील बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब उसळून प्लगवर ठिणगी पडते. पॉईंट नुसते मिटून उपयोग नाही, नुसते उघडे राहूनही नाही. त्यांनी उघडझाप केली पाहिजे. शेजारचा कंडेन्सर पॉईंटवरच ठिणगी पडून ते जळू नयेत याची काळजी घेतो.

आम्ही प्रथम एक प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता, म्हणजे तेल पोहोचत होते. (प्लग कोरडा निघाला असता तर कॉइल सोडून तेलाच्या नळीकडे वळावे लागले असते.) सांडलेले पेट्रोल पुसून, भांडे दूर नेऊन, प्लग पुसून पुन्हा तारेस लावला व त्याचे अंग इंजिनाच्या लोखंडावर टेकवून ठेवले. नातवाने गिअरची दांडी एस या खुणेकडे नेली. या ट्रॅक्टरचा स्टार्टर त्या दांडीनेच चालतो, त्यामुळे गिअरमध्ये असताना तो चुकून सुरू होण्याची भीती नाही. ज्यांस हाताने हँडल मारावे लागते त्यांनी मात्र गिअर स्वतः तपासावा आणि अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. उलटा झटका बसला तर मनगट मोडते. इंजिन फिरले. निळी, कडकडीत ठिणगी हवी होती. पिवळी, मरतुकडीही दिसली नाही.

यानंतर आमचे सर्वांत मोलाचे हत्यार बाहेर काढले: दोन तारा जोडलेला बारा व्होल्टचा एक लहानसा दिवा. त्याची एक तार इंजिनाच्या लोखंडास लावली व चावी फिरवून दुसरी कॉइलच्या चावीकडील टोकास टेकवली. दिवा लागला, बॅटरी व चावी निर्दोष ठरली. मग ती तार कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील टोकास लावली व इंजिन हळूहळू फिरविले. येथे दिवा पॉईंट उघडताच लागावयास हवा व मिटताच विझावयास हवा. सतत लागून राहिला तर पॉईंट मिटत नाहीत किंवा मळले आहेत असे समजावे. आमचा दिवा एकदाही लागला नाही.

नातू आता जवळ येऊन वाकून पाहू लागला होता. कॉइलपासून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी तार सोडली, आणि त्याच टोकास दिवा झटकन लागला. "म्हणजे कॉइल चांगली?" त्याने विचारले. चांगलीच, आणि बहुधा जुनीही चांगली असावी. प्रवाह डिस्ट्रिब्यूटरच्या आत कोठेतरी चोरवाटेने लोखंडात उतरत होता. तार पुन्हा जोडून कंडेन्सर सोडून पाहिला, दिवा लागेना. मग पॉईंट उचलले आणि चोर सापडला. पॉईंटची पोलादी पट्टी ज्या खुंटीवर बसते तेथे फायबरचा एक वॉशर असतो, नखाएवढा, तपकिरी. तो नसला की पट्टी लोखंडास टेकते व पॉईंट उघडले तरी प्रवाह तुटत नाही. नवे पॉईंट बसविताना तो राहून गेला होता.

आता नवा वॉशर रविवारी कोठून आणावा? आजी आत गेल्या व कागदात बांधलेली एक पुडी घेऊन आल्या. मिस्त्रीने फेकलेले जुने पॉईंट त्यांनी उचलून ठेवले होते, आणि वॉशर त्यातच चिकटलेला. घरातील बाया काहीच टाकत नाहीत म्हणून आपण हसतो; त्या दिवशी आम्ही हसलो नाही.

वॉशर बसविला. पॉईंट कोऱ्या जाड कागदाने पुसले, कारण नव्या पॉईंटवरही गंज लागू नये म्हणून चिकटा लावलेला असतो. ते पूर्ण उघडे असताना फटीत पाते घालून अंतर जुळविले. लुकासच्या जुन्या डिस्ट्रिब्यूटरला हे अंतर इंचाच्या हजारांश १० ते १२ लागते, नंतरच्यांस १४ ते १६. आपल्या यंत्राचे पुस्तक पाहून घ्यावे. कॅपच्या आतील भेगा व मधला कार्बन पाहिला, कोरड्या फडक्याने ओल पुसली. पावसाळ्यात निम्मे रोग या ओलीचेच असतात. तारा १-३-४-२ या क्रमाने आहेत याची खात्री केली. ठिणगी निळी पडली आणि दुसऱ्याच फेऱ्यास इंजिन धडधडू लागले. कोंबडी उडाली ती थेट कौलांवर.

मग मुळात ट्रॅक्टर अडखळत का होता? हे कोणी विचारलेच नव्हते. आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की, रॉकेलवर चालविताना संध्याकाळी तो तसाच बंद करीत. कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहते, थंड इंजिनात ते पेटत नाही, प्लग काजळतात, आणि दोष ठिणगीवर येतो. बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पेट्रोलवर चालवून मग थांबवावा, हे आजोबांना ठाऊक होते. नातवास सांगावयाचे राहून गेले असावे. बंद केल्यावर चावीही काढावी, नाहीतर मिटलेल्या पॉईंटमधून बॅटरी रिती होते व कॉइल तापते.

सोमवारी भंगारवाला आला तेव्हा ट्रॅक्टर खालच्या शेतात होता. आजींनी त्याला चहा दिला आणि जुनी कॉइल मात्र दिली नाही.