रग्बी, वैद्यक आणि आमचे साहित्यिक सोवळे

१९०४ साली 'स्ट्रँड' मासिकात आलेल्या शेरलॉक होम्सच्या एका कथेत केंब्रिज विद्यापीठाच्या रग्बी संघाचा कर्णधार होम्सच्या दारी येतो. ऑक्सफर्डशी सामना उद्यावर आलेला आणि संघाचा आधारस्तंभ गॉडफ्री स्टॉन्टन बेपत्ता. होम्सला हे नावच ठाऊक नसते. त्या पोराला बसलेला धक्का डॉयलने मोठ्या मिस्किलपणे रंगवला आहे. लंडनमधला एकूण एक भामटा ओळखणारा हा महापुरुष मैदानाच्या बाबतीत निरक्षर! डॉयल स्वतः एडिंबरा येथे वैद्यक शिकत असताना रग्बी खेळला होता. तेव्हा हा चिमटा त्याने समजूनउमजून काढला असावा, असे आम्ही धरून चालतो. तो आम्हां साहित्यवाल्यांनाही लागू पडावा, हे आमचे दुर्दैव.

पुरावा हवा असल्यास आमचे वाचन पाहावे. चे गेव्हाराची मोटारसायकलवरची रोजनिशी आम्ही आवडीने वाचतो. ब्वेनोस आयरेस येथे वैद्यक शिकणारा हा दमेकरी विद्यार्थी हट्टाने रग्बी खेळत असे, १९५१ मध्ये त्याने 'टॅकल' नावाचे रग्बीचे नियतकालिक काढले, आणि मित्र त्याला हाक मारीत ते 'फूसेर' हे नाव मैदानावरच्या आवेशामुळे पडले, हा तपशील मात्र आम्ही तळटीप म्हणून ओलांडून जातो. शरीराचे श्रम कवितेत आले तर आम्हांला चालतात; गुडघ्याला चिखल लागलेला चालत नाही.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने दुसरे काही करूच नये, असेही आमचे म्हणणे नसते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे यांचा आम्हांला सार्थ अभिमान आहे. तालमींपायी शवविच्छेदनाचे किती तास बुडाले, हा हिशेब आम्ही कधी मागितला नाही. तोच विद्यार्थी खांद्याला पट्टी बांधून वर्गात आला की मात्र आमच्यातला पालक जागा होतो : "आणि अभ्यासाचे काय?"

अभ्यासाचे उत्तर सरळ आहे. जॅक काइल बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात वैद्यकाचा विद्यार्थी असतानाच १९४८ च्या आयरिश संघात होता. त्या वर्षी आयर्लंडने स्पर्धेतले सगळे सामने जिंकले, आणि तसे पुन्हा घडायला २००९ साल उजाडावे लागले. हाच काइल पुढे १९६६ पासून २००० पर्यंत झांबियातील चिंगोला या खाणगावात शल्यचिकित्सक म्हणून राबला. वेल्सचा जेमी रॉबर्ट्स कार्डिफला वैद्यक शिकत असताना २००९ च्या लायन्स दौऱ्यात मालिकेचा मानकरी ठरला. त्याची पदवी लांबली. २००५ मध्ये सुरू केलेले शिक्षण २०१३ मध्ये संपले. लांबली तर लांबली! आठ वर्षांनी झालेला डॉक्टर पाच वर्षांनी झालेल्या डॉक्टरपेक्षा उणा असतो, असे कोणत्या रुग्णाने म्हटले आहे?

परंतु आमचा खरा वाद खेळाच्या विरोधकांशी नाही. तो खेळाच्या कैवाऱ्यांशी आहे. "खेळाने शिस्त येते, संघभावना येते, चारित्र्य घडते, म्हणून भावी डॉक्टरने खेळावे", हा युक्तिवाद वरवर उदार दिसतो. त्याचा इतिहास तसा नाही. लंडनच्या इस्पितळांतून रग्बीची मोठी परंपरा आहे. गाइज् इस्पितळाचा संघ आपला जन्म १८४३ चा सांगतो. सेंट मेरीज् इस्पितळाच्या वैद्यकशाळेचे १९२० पासून १९४५ पर्यंतचे प्रमुख चार्ल्स विल्सन, म्हणजे पुढचे लॉर्ड मोरन, प्रवेश देताना रग्बीपटूंना झुकते माप देत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. याच शाळेने पहिल्या महायुद्धाच्या काळात स्त्रियांना उघडलेले दार १९२० च्या दशकात पुन्हा लावून घेतले. स्त्रिया आल्याने शाळेची मैदानावरची कामगिरी घसरते, हाही त्या वेळचा एक आक्षेप होता. चारित्र्याच्या नावाने मैदान दाखवायचे आणि मैदानाच्या नावाने दार लावायचे, असा हा व्यवहार. ज्या गुणाचा उपयोग मोजला जातो, तो गुण कोणाकडे असू शकतो हेही मग मोजणाराच ठरवतो. याला उत्तर मैदानानेच दिले. वैद्यक आणि आंतरराष्ट्रीय रग्बी हे दोन्ही निभावणारी क्लेअर मलॉय ही २०१४ च्या विश्वचषकात न्यूझीलंडला हरवणाऱ्या आयरिश महिला संघात होती.

उरतो एक आक्षेप, आणि तो खरोखरच वजनदार आहे. हा खेळ शरीर मोडतो. डिसेंबर १९७८ मध्ये ब्रिजेंड येथे न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात जे. पी. आर. विल्यम्सचा गाल बुटाखाली फाटला. तो स्वतः सेंट मेरीज् मध्ये शिकून डॉक्टर झालेला. टाके घालणारे त्याचे वडीलही डॉक्टर. टाके पडले आणि तो पुन्हा मैदानात उतरला. ही कथा अनेक वर्षे शौर्यकथा म्हणून सांगितली गेली. आम्ही ती आज निराळी वाचतो : दोन डॉक्टर समोरासमोर होते आणि दोघांपैकी एकानेही 'पुरे' म्हटले नाही. २००३ च्या विश्वविजेत्या इंग्लिश संघातील स्टीव्ह थॉम्प्सन याने २०२० मध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर केले. तो विजयच आपल्याला आठवत नाही, असे त्याने सांगितले. यावर 'खेळ म्हटला की लागायचेच' असे म्हणणारा माणूस खेळाचा मित्र नव्हे.

म्हणून वैद्यकाच्या विद्यार्थ्याला मैदानाबाहेर काढावे काय? आमचे मत नेमके उलट आहे. मेंदूला मार बसला म्हणजे काय होते, हे पुस्तकातून जाणणारा आणि डोके खाली घालून स्क्रममध्ये शिरण्याची ओढही जाणणारा माणूस ज्या संघात आहे, तिथेच 'पुरे' हा शब्द ऐकला जाण्याची शक्यता अधिक. मात्र त्याने तो उच्चारला पाहिजे. डॉक्टरकीचे ज्ञान कपडे बदलण्याच्या खोलीत टांगून मैदानात उतरणे, ही विल्यम्सच्या पिढीची चूक होती. ती शौर्य म्हणून गिरवण्याचे कारण नाही.

बाकी, त्याने का खेळावे, याचे कारण आम्ही देणार नाही. कवितेचा उपयोग काय, असे कोणी विचारले की आम्ही संतापतो आणि कला स्वायत्त आहे असे बजावतो. तीच स्वायत्तता शनिवारच्या दुपारी चिखलात लोळणाऱ्या विद्यार्थ्याला नाकारताना आमची जीभ अडखळत कशी नाही? दिवसभर दुसऱ्यांची शरीरे तपासण्याची विद्या शिकणाऱ्याला स्वतःचे शरीर घटकाभर विनाकारण वापरावेसे वाटले, तर त्याची कैफियत मागण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? निदान कवितेच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी तरी तो मागू नये.