मोजेल त्याला शिक्षा

मधुमेह असलेल्या माणसानं गाडी चालवताना काय काळजी घ्यावी, याचं उत्तर वैद्यकशास्त्राकडे तयार आहे आणि ते पाच-सहा वाक्यांत मावतं. इन्सुलिन किंवा साखर जोरात उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर गाडीवर बसण्याआधी बोटातून थेंब काढून साखर मोजा. ती ९०च्या खाली असेल तर आधी खाऊन घ्या. ७०च्या खाली असेल तर गाडीला हात लावू नका. प्रवास लांबचा असेल तर दर दोन तासांनी गाडी थांबवून पुन्हा मोजा. वाटेत घाम फुटला, हात थरथरले, डोकं चालेनासं झालं तर गाडी थांबवा, किल्ली काढा, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी मोजा, आणि आकडा ठीक आल्यावरही पाऊण तास स्टिअरिंगवर बसू नका. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना साधारण हेच नियम लागू आहेत.

आता हे नियम नारायणगावच्या टोमॅटो बाजारात संध्याकाळी पिकअप भरणाऱ्या ड्रायव्हरला वाचून दाखवा. तो हसेल. त्याला पहाटेच्या आत वाशीला पोचायचंय. उशीर झाला तर भाव पडतो आणि मालाचा मालक भाड्यातून कापतो. मध्येच पाऊण तास थांबलो कारण साखर कमी झाली होती, हे वाक्य तो एकदाच बोलू शकतो. पुढच्या खेपेला ती गाडी दुसऱ्याकडे गेलेली असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की नियम बरोबर आहेत आणि आपण त्यांच्याभोवती अशी व्यवस्था उभी केली आहे की ते पाळणाऱ्याचं नुकसान व्हावं. जो मोजत नाही त्याला काही होत नाही, निदान अपघात होईपर्यंत. जो मोजतो त्याचं भाडं जातं, नोकरी जाते, लायसन्सची भीती लागते. आणि मग आपण मधुमेह दिनाला बॅनर लावतो की 'नियमित तपासणी करा'.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्याकडे शुगर म्हटलं की वाढलेली साखरच डोळ्यांसमोर येते. शिबिरांत, कीर्तनात, व्हॉट्सॲपवर सगळीकडे साखर कशी उतरवायची याचीच चर्चा असते. गाडीवर मात्र तातडीचा धोका उतरलेल्या साखरेचा असतो. मेंदू ग्लुकोजवर चालतो आणि त्याच्याकडे स्वतःचा साठा जवळपास नसतोच. साखर ७०च्या खाली गेली की शरीर आरडाओरडा सुरू करतं: घाम, धडधड, भूक, थरथर. ५४च्या खाली गेली की विचारच बिघडतो. अंतराचा अंदाज चुकतो, ब्रेकवर पाय उशिरा जातो, माणूस उगाच हट्टाला पेटतो. आपल्याला काही झालेलं नाही, असं ठामपणे वाटणं हेही त्यातलंच एक लक्षण. ज्यानं धोका ओळखायचा, तोच जाग्यावर नसतो. म्हणून 'वाटलं तर थांबेन' हा भरवसा कामाचा नाही, आकडाच बघावा लागतो. मधुमेह जुना झाला की तो आरडाओरडाही बंद पडत जातो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, बीटा ब्लॉकर म्हणतात त्या, धडधड आणि थरथर झाकून टाकतात.

हा धोका सगळ्या मधुमेहींना सारखा नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची साखर अशी सहसा कोसळत नाही. प्रश्न इन्सुलिनचा आहे, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांचा. त्या स्वस्त आहेत, गुणकारी आहेत आणि म्हणूनच गावोगाव लिहून दिल्या जातात. पोटात अन्न गेलं नाही तरी त्या आपलं काम करत राहतात.

आता जुन्नर-आंबेगावकडे बघा. या दोन तालुक्यांत दोन साखर कारखाने आहेत, निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. टोमॅटो, कांदा, द्राक्षं, तरकारी असा माल पुण्या-मुंबईकडे जातो. आळेफाट्याहून ओतूरमार्गे माळशेज घाट उतरणाऱ्या गाड्या वेगळ्या. चाकणच्या कारखान्यांत कामगार नेणाऱ्या बस पाळ्यांप्रमाणे पळतात आणि त्यांच्या ड्रायव्हरची जेवणाची वेळ दर आठवड्याला बदलते. पिकअपचा ड्रायव्हर अनेकदा स्वतःच हमाल असतो. वीस-वीस किलोची क्रेट चढवून तो घामाघूम होतो, आणि अंगमेहनतीनं साखर उतरते, नंतरही काही तास उतरत राहते. संध्याकाळची गोळी घेतलेली, जेवण 'पुढं कुठंतरी करू' म्हणून राहिलेलं, आणि गाडी सुटते. श्रावणी सोमवारी मंचर-घोडेगाव-डिंभे मार्गानं भीमाशंकरला भाविक नेणारा जीपवाला स्वतः उपवास करतो आणि सकाळची गोळी मात्र न चुकता घेतो. उपवासाला साखर चालते, चहा चालतो, गूळ चालतो. अडचण धर्माची नाहीच. उपवासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, एवढीच आहे.

'आमच्याकडे कष्टकरी लोक, आमच्यात कुठं शुगर?' हेही ऐकायला मिळतं. ते खरं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. दिसायला किडकिडीत पण शरीरात चरबीचं प्रमाण जास्त, अशी आपल्या माणसाची घडण त्यांनी जगापुढे मांडली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अभ्यासात देशातल्या मधुमेहींचा अंदाज दहा कोटींहून जास्त निघाला. एवढ्या लोकांतले ड्रायव्हर वेगळे काढून त्यांना रस्त्यावरून हटवता येईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी वाहतूक कोण करणार ते सांगावं.

कायद्याचा प्रकार आणखी मजेशीर आहे. मोटार वाहन कायद्याचं १८६वं कलम सांगतं की लोकांना धोका होईल असा आजार आपल्याला आहे हे माहीत असताना गाडी चालवली तर दंड. २०१९च्या दुरुस्तीनंतर तो पहिल्या वेळी एक हजार रुपयांपर्यंत आहे. रक्कम सोडा, पण 'माहीत असताना' हे शब्द बघा. ज्यानं ग्लुकोमीटर घेतला, त्याच्या यंत्रात आकडे तारीख-वेळेसह साठतात, म्हणजे त्याला माहीत होतं. ज्यानं कधी मोजलंच नाही तो अजाण. लायसन्सच्या अर्जातल्या नमुना १मध्ये फेफरं किंवा अचानक शुद्ध हरपण्याचे झटके येतात का, असं विचारलेलं असतं. खरं उत्तर दिलं तर काय होईल, पुढची वाट काय, हे तिथे कुणी समजावत नाही. मग सगळेच 'नाही' लिहितात. १९६१च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यानं सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली, पण ती पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांपुरती. ज्याची एकच पिकअप आहे आणि ती कर्जावर आहे, त्याला विश्रांती देणार कोण?

मग ड्रायव्हर आपला तोडगा काढतो. खेप असली की गोळी चुकवायची, इंजेक्शन टाळायचं, साखर 'थोडी वरच' ठेवायची. त्याच्या जागी बसून बघितलं तर यात वेडेपणा नाही. वाढलेली साखर आज रात्री घाटात मारत नाही. पण आठवड्याच्या पाच खेपा आणि वर्षानुवर्षं वर ठेवलेली साखर डोळ्यांचा पडदा खाते, पायांची जाणीव घालवते. ज्या डोळ्यांनी समोरचा दिवा बघायचा आणि ज्या पायानं ब्रेक दाबायचा, त्यांचाच हा सौदा आहे.

आणि एखाद्याची साखर खरंच उतरलीच, त्यानं शहाणपणानं गाडी कडेला घेतली, तर? जीभ जड झालेली असते, तोल जात असतो, तो वेडंवाकडं बोलत असतो. जमलेली गर्दी म्हणते, पिऊन आहे. ग्लुकोज मिळण्याआधी त्याला चार थपडा मिळतात.

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो की इन्सुलिनवाल्यांना व्यावसायिक लायसन्सच देऊ नका. ब्रिटननं हे करून बघितलं. तिथे इन्सुलिन घेणाऱ्यांना ट्रक आणि बस चालवायला सरसकट बंदी होती. नोव्हेंबर २०११पासून ती उठवली आणि त्याऐवजी साखरेच्या नोंदी दाखवणं आणि दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी अशा अटी घातल्या. अमेरिकेनं २०१८ साली आंतरराज्य व्यावसायिक चालकांसाठी असाच बदल केला. तीन महिन्यांच्या नोंदी उपचार करणाऱ्या डॉक्टरला दाखवायच्या आणि साखर स्थिर असेल तर चालवायचं. तिथे मोजणं हा लायसन्स टिकवायचा मार्ग झाला. आपल्याकडे मोजणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करणं आहे.

दुसरा उपाय माझ्या व्यवसायातले लोक सुचवतात. दंडाला सेन्सर चिकटवा, ॲप घ्या, फोनवर आकडा दिसेल. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो, या उत्तरावर एवढं खूश होऊ नका. दोन आठवडे चालणाऱ्या एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात. तो रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते. साखर भराभर उतरत असेल तेव्हा पडद्यावरचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो, म्हणजे नेमका नको तेव्हा फसवतो. शिवाय माळशेजच्या वळणावर फोन बघणं हा स्वतंत्र अपघात आहे. सेन्सर परवडत असेल तर जरूर लावावा, त्याचा गजर उपयोगी आहे. पण आकडा बघायचा तो गाडी उभी करूनच, आणि थांबायची मुभा कुठल्याही ॲपमधून मिळत नाही.

बोटाचा थेंबही नीट काढला तरच खरं बोलतो. द्राक्षं, केळी, ऊस हाताळून तसंच बोट टोचलं तर फळातली साखर थेंबात मिसळते आणि ६०च्या जागी भलताच मोठा आकडा येऊ शकतो. जुन्नरच्या द्राक्षबागेतून माल भरून निघालेल्या माणसानं म्हणून आधी पाण्यानं हात धुवून पुसायला हवेत. पट्ट्यांची डबी डॅशबोर्डवर उन्हात ठेवली की पट्ट्या खराब होतात. साखर उतरली तर पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातली चरबी साखरेला उशीर करते. तीन चमचे साखर पाण्यात घ्या. पण गोळीच्या पाकिटावर वोग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलेलं असेल तर साधी साखरही उशिरा लागू पडते, तेव्हा मेडिकलमधली ग्लुकोजची पावडरच हवी. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि वोग्लिबोज अशी तिन्ही एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. ती घेणाऱ्या किती ड्रायव्हरांना हे सांगितलं गेलंय?

इथे मी डॉक्टरांकडे वळतो, कारण सुरुवात तिथून फुकटात होऊ शकते. चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारा: काय चालवता? पिकअप, ट्रॅक्टर, एसटी, शाळेची व्हॅन, मोटारसायकल, काहीही. उत्तर 'हो, चालवतो' असेल तर साखर सहसा न कोसळवणारी दुसरी गोळी चालेल का ते बघा. नसेल चालत तर रात्रीच्या खेपेला गोळी कधी, जेवण कधी, उपवासाला काय, हे त्याच कागदावर लिहून द्या. तीसच्या पुढच्या सगळ्यांची मधुमेहासाठी तपासणी करायचा सरकारी कार्यक्रम आहेच, त्यात हा प्रश्न घालायला छपाईखेरीज खर्च नाही.

सरकारकडे मागणी आहे ती अशी. गोळ्या फुकट देता तशा इन्सुलिनवर किंवा या गोळ्यांवर असलेल्या चालकांना पट्ट्याही द्या. एक पट्टी बाजारात वीसेक रुपयांना पडते. एका रात्रीत तीनदा मोजायचं तर साठ रुपये भाड्यातून कोण काढणार? नोंदी ठेवणाऱ्या चालकाचं लायसन्स त्या नोंदींमुळे धोक्यात येणार नाही, हे नियमात लिहा. बाजार समित्यांनी गाड्यांच्या तळावर हात धुवायला पाणी, उजेड आणि ग्लुकोजचा डबा ठेवावा. ज्या मुलखात रात्री कडेला उतरायचं म्हणजे बिबट्याचा विचार करावा लागतो आणि पावसाळ्यात घाटात दरड येते, तिथे 'गाडी बाजूला घ्या' हा सल्ला देणाऱ्यानं बाजू कुठे आहे तेही दाखवावं. आणि मालाच्या मालकांनो, पाऊण तास उशिरा आलेल्या क्रेटचं भाडं कापण्याआधी तो का थांबला हे विचारा.

यातून ड्रायव्हरची जबाबदारी संपत नाही. समोरून येणाऱ्या दुचाकीवर एक कुटुंब असतं आणि त्यांना आपल्या व्यवस्थेच्या दोषांशी देणंघेणं नाही. टायरची हवा, ऑइल, रेडिएटरचं पाणी बघूनच गाडी काढायची शिस्त याच ड्रायव्हरांकडे आहे. ते बघितल्याबद्दल त्यांचं भाडं कुणी कापत नाही, उलट चांगला ड्रायव्हर म्हणून नाव होतं. बोटाचा थेंब त्या यादीत बसवायचा असेल तर तो काढणाऱ्याचंही तसंच नाव झालं पाहिजे.