कुलूप त्यांचे, चोरवाट कुणाची?

२०१४ चा डिसेंबर संपत आला होता. मी नाशिकमध्ये इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्ट अर्धवट पडला होता आणि एका संध्याकाळी गिटहबवरची कोडची पाने उघडेनात. पेस्टबिन उघडेना, व्हिमिओ उघडेना. आधी वाटले, नेट गेले. मग बातमी आली की सरकारने ३२ साइट्स बंद केल्या आहेत. महाराष्ट्र एटीएसच्या तपासात आयसिसशी संबंधित मजकुराचा विषय निघाला होता, मुंबईच्या न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश झाला होता आणि काही पानांसाठी अख्ख्या साइट्सना कुलूप लागले होते. त्यातल्या काही थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू झाल्या.

पण तोवर आमच्या वर्गातल्या एकाने अर्ध्या तासात उपाय शोधला होता. एक फुकट प्रॉक्सी साइट. आम्ही सगळ्यांनी तिच्यावरून कोड उघडला, ईमेल उघडला, परीक्षेचा अर्जही भरला. ती प्रॉक्सी कोण चालवतो, हे आम्हा होऊ घातलेल्या इंजिनिअरांपैकी एकानेही विचारले नाही. महिन्याभरात माझ्या ईमेलवरून ओळखीच्यांना भलत्याच लिंक जाऊ लागल्या. पासवर्ड तिथूनच गेला असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण माझा संशय आजही तिच्यावरच आहे.

हे आठवायचे कारण असे की अकरा वर्षांत यातले काहीच बदललेले नाही. वरून कुलूप लावले जाते, खाली लोक चोरवाट शोधतात आणि चोरवाटेवर कोण बसले आहे याची चौकशी कुणीच करत नाही. कुलूप लावणारा म्हणतो, मी सुरक्षा दिली. माझे म्हणणे आहे, तुम्ही फक्त धोक्याची जागा बदललीत.

लोक बंद सेवांकडे का वळतात, याचे टीव्हीवरचे उत्तर ठरलेले आहे : लपवायला काहीतरी असेल! प्रत्यक्षात कारणे साधी असतात. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ ॲप्स बंद झाली. लहान गावांतल्या ज्या मुलांनी तिथे स्वतःचे प्रेक्षक मिळवले होते, त्यांचे सगळे एका रात्रीत गेले. लगेच व्हॉट्सॲपवर ‘टिकटॉक प्रो’ नावाची बनावट फाइल फिरू लागली आणि तिच्यापासून सावध राहा असे इशारे द्यावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला. जुगाराची बाजू मी घेणार नाही, त्याने घरे बुडतात. पण व्यसन लागलेला माणूस कायदा वाचून थांबत नाही. त्याला टेलिग्रामवर कुणी लिंक दिली की तो ती उघडतो, आणि आता फसला तर तक्रार करायलाही घाबरतो.

तिसरे कारण भीती. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद पडल्याबद्दल फेसबुकवर एक साधी पोस्ट लिहिली म्हणून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने लाइक केले होते. पुढे २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६अ रद्द केले. पण लोकांच्या मनात जे बसायचे ते बसले. मोहल्ल्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, तो स्टेटस टाकताना दोनदा विचार करतो. अशा माणसाने आडोसा शोधला तर नवल काय?

त्याच निकालात साइट्स बंद करण्याचा अधिकार देणारे कलम ६९अ मात्र टिकले. न्यायालयाने ते मान्य करताना आधार दिला तो लेखी कारणांचा आणि ठरलेल्या प्रक्रियेचा. पण २००९ च्या नियमांतला सोळावा नियम सांगतो की तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायची. म्हणजे कारण लिहायचे, पण ज्याच्यासमोर पान बंद झाले त्याला ते दाखवायचे नाही. बालकांचे शोषण दाखवणारा मजकूर हटवलाच पाहिजे, यावर दुमत नाही. पण तेच कुलूप कधी कुणाच्या बातमीला, कधी कुणाच्या व्यंगचित्राला लागत असेल, तर फरक कळायचा कसा? कारण न सांगता लावलेल्या कुलपाचा आदर कुणी करत नाही.

आता व्हीपीएनबद्दल. मी रोज सकाळी कंपनीच्या व्हीपीएनवर लॉगिन केल्याशिवाय कामाला सुरुवात करू शकत नाही. माझ्या लॅपटॉपवर त्याला ‘सिक्युरिटी’ म्हणतात. तेच मालेगावच्या एखाद्या मुलाच्या मोबाइलमध्ये सापडले की ‘हा काय करत होता?’ असा प्रश्न येतो. व्हीपीएन वापरणे हा देशभर लागू असलेल्या कुठल्याही कायद्याने गुन्हा नाही. जम्मू-काश्मीरमध्ये स्थानिक आदेशांनी त्यावर बंदी घातली गेली, फेब्रुवारी २०२० मध्ये व्हीपीएनवरून समाजमाध्यमे वापरल्याच्या प्रकरणात यूएपीएचे कलमही लावले गेले. साधनावरून माणसाची नियत ठरवायची ही सवय तिथेच थांबेल, या भ्रमात राहू नका.

पण याचा अर्थ दिसेल तो व्हीपीएन टाकून मोकळे व्हा, असा नाही. व्हीपीएन म्हणजे पोस्टमनला कळू नये म्हणून सगळी पत्रे शेजाऱ्याच्या हाती देणे. पोस्टमनला कळत नाही, पण कुणाला किती पत्रे लिहिता ते शेजाऱ्याला कळते. शेजारी भला असेल तर ठीक. होला नावाची फुकट सेवा आपल्याच वापरकर्त्यांचे इंटरनेट कनेक्शन दुसऱ्यांना विकत होती, हे २०१५ मध्ये उघड झाले. म्हणजे उद्योग अनोळखी माणसाचा आणि पत्ता तुमच्या घरचा. फेसबुकच्या मालकीचे ओनावो हे ॲप सुरक्षेच्या नावाखाली लोक कोणती ॲप्स वापरतात याची माहिती गोळा करत होते. एवढी मोठी कंपनी हे करते, तर नावगाव नसलेल्या फुकट ॲपचे काय?

इथे सरकारचे धोरण उलटे पडले. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते, वापराचे कारण पाच वर्षे जपून ठेवायला सांगितले. एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन यांनी भारतातले आपले सर्व्हरच बंद केले. ज्यांचा पत्ता माहीत होता त्यांनी इथला गाशा गुंडाळला. ज्यांचा पत्ताच नाही त्यांना नियम कोण लावणार?

आता थोडे आपल्या घरातले. आपल्याकडेही सुरक्षेचा उपाय एकच : मोबाइल काढून घ्या, त्यातही मुलीचा आधी. भाऊ तिचे मेसेज तपासतो, अब्बा रात्री फोन उशाशी घेतात. मग तिला पाळीच्या त्रासाबद्दल किंवा तलाकच्या कायद्याबद्दल काही वाचायचे असेल तर ती लपूनच वाचणार, आणि कुणी मैत्रिणीने दिलेले ॲप न विचारता टाकणार. सरकारला खासगीपणाचा हक्क मागायचा, २०१७ चा पुट्टस्वामी निकाल दाखवायचा आणि घरात तोच हक्क नाकारायचा, हे चालणार नाही.

मुलांना भीती नको, माहिती द्या. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, मग ती लग्नपत्रिका असो की वाहनाचे चलन, उघडायची नाही. कुठल्याही ॲपने एसएमएस किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागितली तर आधी विचारायचे, याला ती कशाला हवी? फुकट व्हीपीएन चालू असताना बँक आणि यूपीआय उघडायचे नाही. ईमेल आणि व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावायची. व्हीपीएनने माणूस अदृश्य होत नाही, गुगलवर लॉगिन असाल तर गुगल तुम्हाला ओळखतेच. आणि पैसे गेले तर लाजत न बसता लगेच १९३० वर फोन करायचा. त्यात जितका उशीर, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता कमी.

सरकारकडे मागणी एवढीच : जे बंद कराल त्याचे कारण जाहीर करा, आणि गुन्हा साधनात नव्हे, कृत्यात शोधा. आपल्या मोहल्ल्यातल्या जाणत्यांकडे मागणी याहून सोपी आहे. जुन्या नाशकात एक खोली आणि रविवारचे दोन तास द्या, मुलांबरोबर मुलींनाही बसू द्या. शिकवायला मी येतो. माझ्यासारखे आणखी दहा जण आयटीत आहेत, तेही येतील. आमच्या वेळी ती प्रॉक्सी कोण चालवतो असे विचारायला शिकवणारे कुणी नव्हते. आजच्या पोरांना ते मिळाले पाहिजे.