तीन हजार पौंडांनी कमी पडलेला नवरा

मी मामलेदार कचेरीत कारकून आहे. वीसेक वर्षांत माझ्या टेबलावरून सर्वांत जास्त कुठला कागद गेला असेल तर तो उत्पन्नाचा दाखला. शिष्यवृत्तीसाठी, सरकारी योजनेसाठी, कशाकशासाठी लोक तो न्यायला येतात. खरे उत्पन्न असलेला माणूस अर्ज करताना चाचरतो आणि खोटे लिहिणारा एका झटक्यात सही करतो, एवढे मला समजू लागले आहे. तेव्हा या एका विषयावर बोलायचा थोडाफार अधिकार आपल्याला आहे असे समजून हे लिहितो. बी.ए.ला मराठी घेतले होते. कचेरीत त्याचा उपयोग झाला नाही, इथे झाला तर बघू.

निमित्त बडोद्याचे. माझे साडू तिथे दांडिया बाजारात राहतात. तीन पिढ्या बडोद्यात काढलेले मराठी कुटुंब. घरात बोलणे मराठी, पण भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी आणि रागावल्यावर गुजराती. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, शाळेत शिकवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे लग्न झाले. जावई लेस्टरचा, ब्रिटिश नागरिक, गुजराती. बडोद्यात अशा सोयरिकीचे कुणाला नवल वाटत नाही. १९७२ साली ईदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले त्यांत त्याचे आजी-आजोबा होते. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असे सांगितले होते. तरी ते गेले, तिथेच राहिले, आणि आज त्या लोकांमुळे लेस्टर भरभराटीला आले असे तिथलेच लोक सांगतात. त्या आजीला नवऱ्याजवळ जाऊ देताना त्याचा पगार कुणी तपासला नव्हता.

नातसुनेच्या बाबतीत मात्र तपासतात. मी मे २०२५ मध्ये बडोद्याला गेलो तेव्हा लग्नाला पंधरा महिने झाले होते आणि नवरा-बायको व्हॉट्सअ‍ॅपवर संसार करीत होती.

ही अट काय आहे ते सांगतो, कारण आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटते की लग्नाचा दाखला दाखवला की व्हिसा मिळतो. ब्रिटनने जुलै २०१२ मध्ये नियम केला की परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला आणायचे तर तिथल्या जोडीदाराचे वर्षाचे उत्पन्न निदान १८,६०० पौंड हवे. ११ एप्रिल २०२४ पासून हा आकडा २९,००० झाला. पगार सहा महिने एकाच मालकाकडचा हवा. नोकरी त्याहून नवी असेल तर मागच्या बारा महिन्यांत हातात पडलेली कमाईही तेवढी भरावी लागते.

आमचा जावई गोदामात काम करतो. लग्नाच्या वेळी त्याचा पगार २४,००० पौंड होता, म्हणजे जुन्या अटीपेक्षा चांगला वर. पण आधीची नोकरी सुटून तीन महिने तो घरी होता आणि नवी नोकरी नोव्हेंबर २०२३ मध्ये लागली होती. बारा महिन्यांचा हिशेब केला तर नऊ महिन्यांचे १८,००० भरले. सहाशे कमी. सहा महिने पुरे व्हायला मे उजाडला असता, आणि एप्रिलमध्येच आकडा २९,००० वर गेला. अर्ज करायचा राहून गेला तो असा.

२०२५ मध्ये त्याचा पगार २६,००० झाला. म्हणजे तीन हजार कमी. आता बघा, हे तीन हजार भरून काढायला बँकेत किती पैसे दाखवावे लागतात? तुम्ही म्हणाल तीन हजार. नाही. तुटीची अडीचपट, म्हणजे साडेसात हजार, आणि वर सोळा हजार. एकूण २३,५०० पौंड, तेव्हाच्या भावाने सत्तावीस लाखांच्या आसपास. अडीचपट कशासाठी, तर पहिला व्हिसा साधारण अडीच वर्षांचा असतो. सोळा हजार कशासाठी, तर तेवढी शिल्लक असणाऱ्याला तिथे सरकारी मदत मिळत नाही, म्हणून ती आधी बाजूला काढायची. ज्याला काहीच उत्पन्न नाही त्याने ८८,५०० पौंड दाखवावेत, म्हणजे एक कोटी रुपये.

या हिशेबात माझ्या भाचीचा पगार शून्य धरतात. ती आठ वर्षे शिकवते आहे, तिथे जाऊन काहीतरी करीलच, पण परदेशात मिळवलेला पगार मोजायचा नाही असा नियम आहे. तिला तिथे नोकरी देतो असे कुणी लिहून दिले तरी तेही मोजत नाहीत. सोने मोजत नाहीत. घर विकल्याशिवाय मोजत नाहीत.

आपण गोव्याचे लोक हे वाचून चकित व्हायला हवे. आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून चालतो. वेगळा करार केला नसेल तर लग्न झाल्याबरोबर दोघांची मालमत्ता सामाईक होते, बायको अर्ध्याची मालकीण. सिव्हिल रजिस्ट्रारकडे जोडपी सह्या करायला येतात तेव्हा त्यांना जन्माचा दाखला विचारतात, पत्ता विचारतात, साक्षीदार विचारतात. पगार विचारलेला मी तरी कधी पाहिला नाही. बडोद्याच्या सयाजीरावांनीही लग्नात हात घातला होता. १९०४ च्या त्यांच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे वय निदान १२ आणि मुलाचे १६ ठरवले. आज ते आकडे ऐकून कसेसेच होते, पण राजाने वय विचारले आणि ते मुलीच्या भल्यासाठी विचारले.

लंडनचे सरकारही म्हणते, आम्ही भल्यासाठीच विचारतो: आलेली बायको करदात्यावर ओझे होऊ नये. युक्तिवाद ऐकायला बरा आहे. पण जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या माणसाला सरकारी भत्ते घेता येत नाहीत अशी अट त्या व्हिसावरच असते. वर आरोग्यसेवेचे वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरून घेतात. पहिल्या व्हिसाचे ३,१०५ होतात. एप्रिल २०२५ मध्ये अर्जाची फी १,९३८ झाली. पाच हजार पौंड आधी घेतले, मदत देणार नाही म्हणून लिहून घेतले, मग ओझे कसले? आमच्या कचेरीत असा प्रस्ताव आला असता तर मी शेरा मारून परत पाठवला असता.

आणखी एक हिशेब. एप्रिल २०२५ मध्ये तिथले किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स झाले. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे राबले तरी २५,४०० च्या आत. म्हणजे कायद्याने जे वेतन पुरेसे ठरवले तेच वेतन घेणारा माणूस कायद्यानेच संसाराला अपुरा. पुढे तर हा आकडा ३८,७०० पर्यंत न्यायचे ठरले होते. ती तेव्हा कुशल परदेशी कामगारांसाठीची पगाराची मर्यादा होती. बायको ही काय गोदामात भरती करायची कामगार आहे? २०२४ मध्ये सरकार बदलले आणि ती वाढ थांबली. जून २०२५ मध्ये त्यांच्याच सल्लागार समितीने लिहिले की कामगारांची मर्यादा कुटुंबाला लावणे बरोबर नाही. हे कळायला समिती लागली.

आपल्या लोकांचा अनुभव जुना आहे. १९७९ मध्ये लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यचाचणी केली होती. पुढे १९९७ पर्यंत नियम होता की लग्न मुख्यतः ब्रिटनमध्ये शिरण्यासाठी केलेले नाही हे तुम्हीच सिद्ध करा. आधी शरीर तपासले, मग मन, आता पासबुक.

आणि गोंयकारांनी हे दुसऱ्याचे दुखणे समजू नये. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेलेली आपली मुले अनेक वर्षे युरोपीय संघाच्या नियमाने बायकोला नेत होती. त्यांना हा आकडा लागू नव्हता. लेस्टरला जन्मलेल्या ब्रिटिश मुलाला लागू, आणि म्हापशाहून गेलेल्या पोर्तुगीज मुलाला नाही, अशी ती गंमत होती. ब्रेक्झिटने ती संपवली. ३१ डिसेंबर २०२० नंतर जुळलेल्या लग्नांना आता तोच २९,००० चा दरवाजा आहे.

अशा अटीने काय होते ते मी अलकापुरीत पाहिले. साडू मला एका व्हिसावाल्याकडे घेऊन गेले. तो म्हणाला, काका, चिंता नको, सहा महिने तुमच्या मुलीच्या खात्यात पैसे ठेवून देतो, एवढे एवढे टक्के. आवाज अगदी सहज, बिस्किटाचा पुडा मागावा तसा. दाखल्याची अट जेवढी कडक, तेवढा खोट्या दाखल्याचा भाव चढतो, हे मला कचेरीत शिकायला मिळाले होतेच. उसने पैसे चालत नाहीत आणि लबाडी पकडली तर दहा वर्षे दार बंद. मी साडूंना बाहेर घेऊन आलो. सुरसागरच्या कट्ट्यावर बसून ते म्हणाले, ‘‘मुलाचा पगार किती हे मीही विचारलं होतं हो.’’ खरे आहे. आपण सगळेच विचारतो. पण पगार कमी असून मुलगा आवडला तर बाप ‘हो’ म्हणू शकतो, आणि साडू म्हणाले होते.

त्यांनी निवृत्तीचे पैसे आणि ठेवी मोडून जून २०२५ मध्ये साडेसत्तावीस लाख मुलीच्या नावे बक्षीसपत्र करून दिले. सहा महिने शिल्लक एक दिवसही खाली जाता कामा नये. सर्वांत कमी असेल तीच धरतात. भाचीने त्या खात्याचे एटीएम कार्डसुद्धा आईकडे ठेवले. डिसेंबरमध्ये सहा महिने भरले. तोवर पौंड १२० रुपयांच्या आसपास गेला होता, आणि रुपयांचे पौंड अर्जाच्या दिवशीच्या भावाने करतात. सत्तर हजार रुपये कमी पडले.

माझ्या मेहुणीने जानेवारीत पाटल्या मोडल्या आणि पैसे खात्यात भरले. त्या सत्तर हजारांचे सहा महिने भरल्याचा दिवस तिने कालनिर्णयवर पेन्सिलीने मांडला आहे.