मंगेशीचा सूर लिंबायतीत का नको?

सुरतेच्या लिंबायतीत मराठी माणसाने आपले देव आणले; उत्सवातील सूर मात्र तो भाड्याच्या भोंग्याकडून घेतो, हे आम्हांस मान्य नाही. मंगेशीस १९०० साली जन्मलेल्या मास्टर दीनानाथांनी मराठी रंगभूमी गाजविली, तशाच रागदारीच्या ध्वनिमुद्रिकाही दिल्या. त्या लावा म्हटले की दोन सबबी पुढे येतात. ‘आवाज खरखरतो’ ही पहिली. खरखर तबकडीची आहे, गळ्याची नव्हे! ‘कायदा आड येतो’ ही दुसरी. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या २७ व्या कलमान्वये ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी सरतो. दीनानाथ १९४२ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवरील तो हक्क केव्हाच संपला. पारंपरिक चिजा तर सर्वांच्याच. तेव्हा विश्वस्तांनी आरतीपूर्वी पंधरा मिनिटे त्या लावाव्यात. देवळाच्या छायेत वाढलेल्या सुराला देवळाबाहेर उभे करण्याचा अधिकार त्यांना कोणत्या कलमाने दिला?