प्वा सॉचे शहाणपण नेमके कोणाचे?

मूर्ख राजा आणि शहाणी राणी ही जोडी वाचकांना नेहमीच भावते. ब्रह्मदेशातील पगानचा राजा नरथिहपते (कारकीर्द १२५६–१२८७) मंगोल आक्रमणापुढे राजधानी सोडून गेला आणि ‘चिन्यांना भिऊन पळालेला राजा’ या नावाने कायमचा बदनाम झाला. त्याला राज्याची दुर्दशा परखडपणे ऐकवणारी पट्टराणी ती प्वा सॉ. तिला मध्ययुगातील निर्भीड स्त्रीवाणी ठरवण्याचा मोह अभ्यासकांना होतो. आमचा आक्षेप याच मोहाला आहे.

राणीची ही भाषणे आपल्याला भेटतात ती प्रामुख्याने ‘हमन्नान याझाविन’ या राजवृत्तात. बाज्यीडॉ राजाच्या आज्ञेने १८२९ मध्ये जुन्या राजवृत्तांच्या आधारे त्याची रचना सुरू झाली. म्हणजे घटना आणि ग्रंथ यांत पाच शतकांहून अधिक अंतर आहे. शिवाय, या ग्रंथातील प्वा सॉ ही एक व्यक्ती नसून एकाहून अधिक राण्यांची चरित्रे तिच्यात मिसळली आहेत, असे काही इतिहासकार मानतात. राजाला दोष देणे दरबारी लेखकाला जड जाते. तोच दोष राणीच्या मुखी घातला की तो सुभाषित होतो. तेव्हा त्या भाषणांत आपण राणीला ऐकतो की लेखकाला, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला पडलाच पाहिजे.

मग राणीचा आवाजच काढून घ्यायचा का? मुळीच नाही. तो शिलालेखांत शोधावा. पगानच्या राण्या स्वतः दानकर्त्या होत्या. उझना राजाची राणी थांबुला हिने १२५५ मध्ये बांधलेले मंदिर आजही मिन्नान्थू येथे उभे आहे. सॉ या नावाच्या राणीचे दानलेखही उपलब्ध आहेत. पगानच्या अशा लेखांत जमिनींची मोजमापे, विहारांना वाहिलेले गुलाम आणि दान मोडणाऱ्यास शाप असा व्यवहार असतो. मायकेल आँग-थ्विन यांच्या मते अशा करमुक्त दानांनीच पगानची तिजोरी पोखरली. हे मान्य केले, तर राज्य रिते झाल्याबद्दल राजाला बोल लावणारी राणी ज्या वर्गातली, तोच वर्ग ते रिते करण्यात सहभागी होता.

हा पेच गैरसोयीचा आहे, म्हणूनच तो टाळला जातो. दरबारी लेखकाने घडवलेली सुज्ञ राणी स्वीकारून जमीन आणि माणसे दान देणारी सत्ताधारी स्त्री वगळणे, याला आम्ही स्त्रीवादी वाचन म्हणणार नाही. राजवृत्त आणि शिलालेख वर्गात शेजारी ठेवून वाचले जावेत, एवढाच आमचा आग्रह आहे.