वाडेकरांच्या नशिबाचा हिशेब

अजित वाडेकरांचा विषय निघाला की जुने क्रिकेटवेडे हटकून म्हणतात, 'नशीबवान कर्णधार!' १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी निर्णायक मत दिलं आणि कर्णधारपदी पतौडींच्या जागी वाडेकर आले. त्याच वर्षीच्या वेस्ट इंडीज दौऱ्यात गावसकर पदार्पण करतात आणि चार कसोटींत ७७४ धावा काढतात. बेदी, प्रसन्ना, वेंकटराघवन हाताशी, पुढे इंग्लंडमध्ये चंद्रशेखरही. एवढं वाढलेलं ताट मिळाल्यावर कोण हरेल, असा एकूण सूर. मला तो कधीच पटला नाही.

त्या दौऱ्यातली किंग्स्टनची पहिली कसोटी घ्या. पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारताने दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांच्या जोरावर ३८७ केल्या, वेस्ट इंडीज २१७वर आटोपला. आघाडी १७०. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला २०० लागतात. पण पहिला दिवस खेळच झाला नाही, म्हणून सामना चार दिवसांचा धरला जातो आणि १५० पुरतात. वेस्ट इंडीजचा कर्णधार सोबर्सच्या हे ध्यानीमनी नव्हतं. वाडेकरांनी नियम वाचलेला होता. त्यांनी शांतपणे जाऊन सांगितलं, पुन्हा फलंदाजीला या. सामना अनिर्णित राहिला, पण समोरच्या बलाढ्य संघाचा तोरा तिथेच उतरला. पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला भारताने जिंकली. यात नशीब कुठे आहे? स्टेट बँकेत नोकरी करणाऱ्या या माणसाने नियमावली नीट वाचली होती, इतकंच. आणि संपल्यात जमा धरलेल्या ज्या सरदेसाईंनी त्या मालिकेत ६४२ धावा केल्या, त्यांना संघात घ्या असा आग्रह वाडेकरांचाच होता.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ओव्हलला तर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१मध्ये गुंडाळलं. जिंकायला १७३ हव्या होत्या. शेवटच्या सकाळी वाडेकर ४५वर धावबाद झाले, ड्रेसिंग रूममध्ये आले आणि चक्क झोपले! विजयाची बातमी द्यायला इंग्लंडचा माजी फलंदाज केन बॅरिंग्टनने त्यांना उठवलं. (गणेशचतुर्थी म्हणून त्या सामन्यात चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानात आणली होती. नशीबवाल्यांना हवं तर हे श्रेय बेलाला द्यावं.)

दोष नव्हते असं नाही. आघाडी हातात आली की ते ती राखत बसायचे. १९७२-७३मध्ये मायदेशी इंग्लंडविरुद्ध २-१ झाल्यावर उरलेल्या दोन्ही कसोटी अनिर्णित राहिल्या. फिरकीवर त्यांचा सगळा भार, वेगवान मारा जवळपास नावालाच.

मग १९७४चा इंग्लंड दौरा. लॉर्ड्सवर ढगाळ हवेत ओल्ड आणि अर्नोल्डने भारताला ४२ धावांत गारद केलं, मालिका ३-०ने गेली. इंदूरमध्ये १९७१च्या विजयाप्रीत्यर्थ उभारलेली काँक्रीटची बॅट लोकांनी विद्रूप केली. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड आले. संघातली धुसफूस, फलंदाजांची पडझड, सगळ्याचं खापर एका माणसावर फुटलं. पश्चिम विभागाच्या संघातूनही नाव गळल्यावर त्यांनी खेळणं सोडलं. वय अवघं तेहतीस.

नशीब असं असेल तर ते फारच एकतर्फी मोजलं गेलं. नव्वदच्या दशकात हाच माणूस संघाचा व्यवस्थापक म्हणून परतला. १९९३मध्ये अझरुद्दीनच्या संघाने इंग्लंडला ३-० हरवलं, आणि १९९४मध्ये ऑकलंडला सचिनला सलामीला पाठवायचा निर्णय त्यांच्या संमतीने झाला. त्याने ४९ चेंडूंत ८२ केल्या. पुढे निवड समितीचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

कर्णधार म्हणून १६ कसोटी, ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित. कागदावर हिशेब बरोबरीचा दिसतो. मात्र १९७१नंतर वेस्ट इंडीजमध्ये पुढची मालिका जिंकायला भारताला २००६ साल उजाडावं लागलं.